मागच्या सीटवरचा वास

घरात त्यांना सगळे मास्तर म्हणत. शाळेत त्यांनी एक दिवसही शिकवलं नव्हतं. बाजाराच्या कोपऱ्यावर त्यांचं चष्म्यांचं दुकान होतं आणि ते बरं चाललं होतं. मास्तर हे नाव बायकोने ठेवलेलं, कारण दुसऱ्याची चूक दिसली की ती बोलून दाखवल्याशिवाय यांना घास गोड लागत नसे. गीझरचं बटण असो, दाराची कडी असो, नाहीतर उघडी राहिलेली टूथपेस्ट असो, यांचा प्रश्न ठरलेला. "माणूस विसरतं कसं, मला एवढंच समजून घ्यायचंय."

म्हणूनच पेट्रोल पंपावर गाडीच्या टाकीचं झाकण ते स्वतः विसरले, तेव्हा ते घरी सांगायची त्यांची छाती झाली नाही.

झालं होतं एवढंच, की दुकान उघडायला उशीर होत होता. झाकण काढून त्यांनी गाडीच्या टपावर ठेवलं, तेवढ्यात गिऱ्हाइकाचा फोन आला, आणि फोन खांद्यात धरून पैसे देऊन ते निघाले. झाकण कुठल्या वळणावर घरंगळलं देव जाणे. दहा दिवसांनी पुन्हा पंपावर गेले तेव्हा तिथल्या मुलीने बाहेरची झडप उघडली आणि विचारलं, "काका, आतलं झाकण कुठाय?"

मास्तरांची कानशिलं तापली. आदल्याच आठवड्यात बायको पोहण्याच्या तलावावर छत्री विसरून आली होती. ती तिथे मुलांना पोहायला शिकवायची. त्या छत्रीवरून मास्तरांनी जेवण संपेपर्यंत तिचं डोकं खाल्लं होतं.

ते तडक जुन्या सुट्या भागांच्या दुकानात गेले. दुकानदाराने डबा उपडा करून त्यातली तीन झाकणं लावून पाहिली. तिसरं कसंबसं बसलं.

"फिरवलं की टक् टक् वाजायचं आधीचं," मास्तर म्हणाले.

"आवाजाचं काय लोणचं घालायचंय? बसलं ना?" दुकानदार म्हणाला. मग जरा प्रामाणिकपणा आठवल्यासारखं करून त्याने झाकण उलटं केलं आणि आतल्या रबराच्या कड्यावरून नख फिरवलं. रबर वाळून तडकलं होतं. "तात्पुरतं चालेल. पण नवीन मागवा. कंपनीच्या वर्कशॉपमध्ये नंबर टाकला की चार दिवसांत येतं. गाडी ज्यांच्या नावावर आहे त्यांना मेसेज जाईल."

गाडी बायकोच्या नावावर होती.

"राहू दे," मास्तर म्हणाले. "हेच द्या. बघू पुढे सवडीने."

सवड काही झाली नाही.

मास्तरांची आई त्यांच्याकडेच राहायची. सत्त्याहत्तर वर्षांची, बारीक चणीची, बोलायला तिखट. उभं आयुष्य तिने एका धुलाईच्या दुकानात कपड्यांवरचे डाग काढण्यात घालवलं होतं. शाईचा डाग, गंजाचा, वंगणाचा, औषधाचा. डोळ्यांना कळला नाही तर ती कापड नाकाला लावायची आणि सांगायची. दर गुरुवारी मास्तर तिला तिच्या मैत्रिणीकडे पत्ते खेळायला सोडत. मैत्रीण वृद्धांच्या वसतिगृहात राहायची, गावाच्या दुसऱ्या टोकाला. गाडीत आई नेहमी मास्तरांच्या मागे, उजव्या खिडकीशी बसायची आणि काच चार बोटं खाली ठेवायची.

झाकण बदलल्यानंतरच्या दुसऱ्याच गुरुवारी ती म्हणाली, "बाळा, पेट्रोलचा वास येतोय."

मास्तरांचं नाक बारा महिने चोंदलेलं. ते म्हणाले, "पेट्रोलची गाडी आहे आई. गुलाबपाण्याचा येईल का?"

शेजारी बायको बसली होती, ती हसली. तिच्या नाकात तलावाचं क्लोरीन मुरलेलं, तिला स्वतःच्या स्वयंपाकाचा वास यायची मारामार. "मला नाही बाई येत," ती म्हणाली.

पुढच्या गुरुवारी आई पुन्हा म्हणाली. त्याच्या पुढच्याही. वळणावर जास्त येतो, टाकी भरली की जास्त येतो, असंही म्हणाली. एकदा गाडीतून उतरून ती मागच्या चाकाजवळ वाकली होती, तेव्हा मास्तरांनी तिचा दंड धरून तिला सरळ केलं. "लोक बघतायत आई. काय हे?"

त्या क्षणी त्यांना झाकण आठवलं नाही असं नाही. आठवलं. तडकलेल्या रबरावरून फिरणारं ते नखही दिसलं. पण विचार आला तसा त्यांनी तो बाजूला सारला, आणि पुढच्या वेळी त्याला सारायला कमी कष्ट पडले.

शिवाय दुसरं एक सोयीचं कारण हाताशी होतं. हिवाळ्यात आईने दुधाचं पातेलं कपड्यांच्या कपाटात ठेवलं होतं. दोनदा तिने मास्तरांना त्यांच्या वडिलांच्या नावाने हाक मारली होती. त्यात आता हा वास. बायको काळजीने म्हणाली, "मी वाचलंय कुठेतरी. नसलेले वास येणं चांगलं नसतं. एकदा दाखवून आणू."

तिघंही डॉक्टरांकडे गेले. डॉक्टरीणबाई शांत होत्या, घाई न करणाऱ्या. त्यांनी आईला घड्याळाचं चित्र काढायला लावलं, शंभरातून सात सात वजा करायला लावलं. आई वजाबाकीत दोनदा चुकली आणि ओशाळून हसली. मग डॉक्टरीणबाईंनी विचारलं, "वास कशाचा येतो आजी?"

"पेट्रोलचा. रॉकेलचा नाही, स्पिरिटचा नाही. पेट्रोलचा."

"घरात येतो?"

"छे. गाडीत. मागच्या सीटवर."

डॉक्टरीणबाई मास्तरांकडे वळल्या. "गाडी तपासून घेतलीत ना?"

साधा प्रश्न होता. खोलीत पंखा फिरत होता, बायको त्यांच्याकडे बघत होती, आई तर अगदी आशेने बघत होती. 'नाही' म्हणायला काहीच लागलं नसतं. पण 'नाही' म्हटलं की तपासणं आलं, तपासलं की झाकण आलं, आणि झाकण आलं की "माणूस विसरतं कसं" आलं.

"हो," मास्तर म्हणाले. "मिस्त्रीला दाखवली. काही नाही निघालं."

आईने मान खाली घातली. डॉक्टरीणबाईंनी कागदावर काहीतरी लिहिलं आणि झोपताना घ्यायची एक गोळी दिली.

त्यानंतर आईने वासाचं नाव काढलं नाही. पण ती बदलली. गोळीने ती सकाळी उशिरापर्यंत झोपू लागली, उठली तरी तोंडावर झापड असायची. चहाचा कप तोंडाशी नेऊन ती सुनेला विचारायची, "याला चहाचाच वास येतोय ना गं?" एकच शाल तिने आठवड्यात तीनदा धुतली. गॅसजवळ जाणं तिने आपणहून सोडलं. एका दुपारी तिने आपल्या कपाटाची किल्ली काढून सुनेच्या हातात ठेवली. "ठेव तुझ्याकडे. माझा आता भरवसा नाही." मग एका गुरुवारी ती तयारच झाली नाही. "आज नको नेऊस," म्हणाली, आणि पुढचे गुरुवारही तसेच गेले.

बायकोने मास्तरांच्या बहिणीला फोन करून सगळं कळवलं. मास्तरांनी फोन घेऊन आवाज जड केला आणि म्हणाले, "वय झालं ताई. आपण मन घट्ट करायला हवं."

मग एका मंगळवारी, दुकानाकडे जाताना, गाडीच्या काट्यांमध्ये इंजिनाचं पिवळं चित्र लागलं. इंजिनाशी मास्तर खेळ करत नसत. ते सरळ मिस्त्रीकडे गेले. मिस्त्री त्यांचंच गिऱ्हाईक होता. त्याच्या नाकावरचा जाड भिंगांचा चष्मा त्यांनीच करून दिला होता. त्याने यंत्र लावलं, त्यावर आलेला बिघाडाचा आकडा वाचला, इंजिनाकडे ढुंकूनही न बघता गाडीच्या मागे गेला आणि झडप उघडली.

"हे कुणी लावलं?"

मास्तरांनी वाकून पाहिल्यासारखं केलं.

"साहेब, हे या गाडीचं झाकणच नाही. बघा." त्याने ते काढून त्यांच्या तळहातावर ठेवलं. रबराचं कडं आता दोन ठिकाणी तुटलं होतं. "याने टाकी बंदच होत नाही. नुसती वाफ नाही, वळणावर थेंबही बाहेर येत असणार. हा रंग बघा कसा उडालाय." झडपेखाली, मागच्या चाकाच्या वरपर्यंत, हातभर लांबीचा फिकट ओघळ होता. गाडी दर रविवारी मास्तर स्वतः धूत. तो ओघळ त्यांनी पाहिला होता आणि पुसलाही होता.

"मागे कुणी बसत नाही वाटतं?" मिस्त्रीने सहज विचारलं. "काच खाली असली तर उजव्या बाजूला बसणाऱ्याचं डोकं उठलं असतं वासाने. आग लागली नाही हे नशीब समजा."

मिस्त्रीकडे नेमकं या गाडीचं झाकण होतं. त्याने ते बसवलं, तोटीचं तोंड कापडाने पुसून घेतलं आणि सांगितलं, "टक् टक् वाजेपर्यंत फिरवायचं. वर्षातून एकदा रबर बघायचं, तडकलं की बदलायचं. यात डोकं लागत नाही हो." जुनं झाकण पिशवीत घालून त्याने त्यांच्या हातात दिलं. सगळं मिळून दहा मिनिटं लागली.

दहा मिनिटं. मास्तर गाडीत येऊन बसले. त्या दिवशी चाकाजवळ आईने दंड सोडवून घेताना केलेला चेहरा त्यांना आता आठवला. तेव्हा त्यांनी तिच्याकडे नीट पाहिलंच नव्हतं.

संध्याकाळी घरी गेल्यावर ते आईला म्हणाले, "चल, चक्कर मारून येऊ." ती कंटाळत उठली. बायकोही आली. मास्तरांनी मनाशी ठरवलं होतं: आईला विचारायचं, ती 'आज वास नाही' म्हणेल, मग हसत हसत सांगून टाकायचं. दोनतीन वळणं घेऊन त्यांनी विचारलं, "काय आई, येतोय का वास?"

"नाही रे," आई चटकन म्हणाली. "अजिबात नाही. बरेच दिवस नाही येत. गोळीचा गुण."

"बघा," बायको समाधानाने म्हणाली. "लागू पडलं औषध."

मास्तरांनी आरशात पाहिलं. आई खिडकीबाहेर बघत होती. आज वास नव्हता हे खरं, पण 'बरेच दिवस' हे खोटं होतं, आणि ते मास्तरांना कळलं. गुरुवारी गाडीत बसायची तोवर तिला वास येत होता, आणि तो गिळून ती गप्प बसत होती, कारण तिला वाटत होतं की तो तिच्याच डोक्यातून येतो.

आणि मास्तरांच्या मनात जे आलं, त्याची लाज त्यांना पुढे सगळ्यात जास्त वाटली. त्यांना सुटल्यासारखं वाटलं. आता काही सांगायची गरजच नव्हती. वास गेला, गोळीने गेला, सगळे सुखी.

दोन दिवस त्यांनी ते सुख भोगून पाहिलं. दुकानात एक म्हातारे गृहस्थ चाचणीच्या खुर्चीत बसले. मास्तरांनी त्यांच्या डोळ्यांसमोर एक भिंग धरलं, मग दुसरं. "पहिलं स्पष्ट की दुसरं?" "दुसरं," गृहस्थ म्हणाले, आणि मास्तरांनी दुसऱ्याचा नंबर लिहिला. लिहिताना त्यांचा हात थांबला. हा परका माणूस सांगतो ते त्यांनी मुकाट्याने मानलं होतं. त्यांनी मदतनीस बाईंना पुढचं बघायला सांगितलं आणि मागच्या खोलीत जाऊन बराच वेळ नळाखाली तोंड धुतलं.

शुक्रवारी पुन्हा डॉक्टरांकडे जायचं होतं. बायकोने उत्साहाने सांगितलं, "वास पूर्ण गेला!" डॉक्टरीणबाईंनी आईला विचारलं. आईने मान डोलावली. "छान," त्या म्हणाल्या. "मग गोळी चालूच ठेवू या. कदाचित कायमची लागेल. आणि आजींना शक्यतो एकटं सोडू नका."

"बरं," आई म्हणाली. पूर्वीची आई असती तर तिने आधी दहा प्रश्न विचारले असते.

मास्तरांनी खिशातून पिशवी काढली आणि झाकण टेबलावर ठेवलं. मग म्हणाले, "गोळीने नाही गेला वास. मी गाडी दाखवलीच नव्हती. खोटं सांगितलं मी."

मग एकदा तोंड उघडल्यावर सगळंच बाहेर पडलं. टपावर राहिलेलं झाकण, जुन्या सामानाचं दुकान, मेसेज, रबर, ओघळ. बायकोचा चेहरा आधी गोंधळला, मग पांढरा पडला.

आईने झाकण उचललं आणि नाकाशी धरलं. थोडा वेळ तसंच धरलं. मग खाली ठेवलं.

"कधीपासून माहीत होतं तुला?"

"मंगळवारी मिस्त्रीने—" मास्तर थांबले. "नाही. आधीपासून शंका होती. तू चाकाजवळ वाकलीस तेव्हापासून."

"बाळा," आई म्हणाली. ती ओरडली नाही, ओरडली असती तर बरं झालं असतं. "मी आंघोळ करून आले की हात हुंगून बघायचे. साबणाचा वास येतोय ना, की तोही मनाचाच? साबण माझ्या हातात असायचा, तरी मला खात्री वाटायची नाही."

मास्तरांना जमिनीने पोटात घ्यावं असं झालं. "चुकलो आई" एवढंच ते म्हणाले. ते शब्द त्यांना स्वतःलाच हलके वाटले.

डॉक्टरीणबाईंनी चष्मा काढून डोळे चोळले. त्यांनी गोळी हळूहळू कमी करून बंद करायला सांगितलं. स्पष्टपणे हेही सांगितलं, की आजींच्या विसराळूपणावर लक्ष ठेवावं लागेल, वासाचा त्याच्याशी संबंध नव्हता एवढंच. मग मास्तरांकडे न बघता म्हणाल्या, "मी तुमच्या एका शब्दावर औषध दिलं."

बाहेर आल्यावर आई गाडीपाशी गेली नाही. "आम्ही बसने येतो," बायको म्हणाली, आणि सासूचा हात धरून रस्ता ओलांडून गेली. मास्तर रिकामी गाडी घेऊन घरी आले.

त्या आठवड्यात घरात कामापुरतंच बोलणं होतं. बायकोने एकदाच तोंड उघडलं. "छत्रीवरून तुम्ही मला किती बोललात, आठवतंय? मी हसून सोडून दिलं. सोडायला नको होतं." आईने जेवताना विचारलं, "माझं डोकं फिरलं म्हणून कुणाकुणाला सांगितलंस?"

"ताईला," मास्तर म्हणाले. थोडं थांबून म्हणाले, "आणि तुझ्या गुरुवारच्या मैत्रिणींना. म्हटलं, चुकलीस तर सांभाळून घ्यावं त्यांनी."

आईने घास खाली ठेवला. "अस्सं. मग आता तूच जाऊन सांग. दोन्हीकडे. आणि अर्धवट सांगायचं नाही."

ताईला त्यांनी त्याच संध्याकाळी फोन केला. ताईने सगळं ऐकून घेतलं, "आईला दे" म्हणाली, आणि नंतर त्यांच्याशी बोलायचं आहे असं काही म्हणाली नाही.

गुरुवारी आई तयार होऊन बसली होती. गाडीत बसताना तिने काच चार बोटं खाली केली. वसतिगृहाच्या मोठ्या खोलीत खिडकीशी चौकोनी टेबल होतं, आणि त्याभोवती तीन म्हाताऱ्या वाट बघत होत्या: आईची मैत्रीण शिलाईवाल्या मावशी, एक निवृत्त नर्सबाई, आणि पोस्टातून रिटायर झालेल्या एक बाई. मास्तरांना कुणी बसायला सांगितलं नाही. हात मागे बांधून, शाळेत उभं करतात तसे उभे राहून, त्यांनी पहिल्यापासून शेवटपर्यंत सांगितलं. नर्सबाईंना कमी ऐकू यायचं, म्हणून "मी खोटं बोललो" हे वाक्य त्यांना तीनदा मोठ्याने म्हणावं लागलं. तिसऱ्यांदा दारातून जाणाऱ्या दोघीजणीही थांबून बघू लागल्या.

ऐकून झाल्यावर शिलाईवाल्या मावशी कपाळावर हात मारून म्हणाल्या, "अगो बाई! आणि आम्ही हिला दोन महिने मुद्दाम जिंकू देत होतो!"

"काय?" आई म्हणाली.

"तुझं मन मोडू नये म्हणून गं. हाच म्हणाला होता ना, सांभाळून घ्या."

"तरीच!" आईने टेबलावर हात आपटला. "मला वाटलं आता पत्तेसुद्धा कळेनासे झाले. हिच्या हातात तीन राजे, आणि ही माझ्यासमोर चौथा टाकते! म्हणून मी यायचं सोडलं."

पोस्टातल्या बाई हसू दाबत पत्ते पिसू लागल्या. नर्सबाईंनी मात्र मास्तरांना चष्म्यावरून नखशिखांत न्याहाळलं. "तुमच्याच दुकानातून नंबर काढलाय मी," त्या म्हणाल्या. "पुन्हा एकदा तपासून घेते दुसरीकडे."

मास्तरांनी मान खाली घातली.

पत्ते वाटले गेले. आई पहिला डाव हरली. दुसऱ्या डावात ती नर्सबाईंशी टाकलेल्या पत्त्यावरून कडाकडा भांडली, आणि तोही हरली. मास्तर अजून दाराशीच उभे होते. आईने हातातले पत्ते लावता लावता, त्यांच्याकडे न बघता म्हटलं, "पाच वाजता ये. आणि आत येऊ नकोस, खालीच थांब."

"बरं," मास्तर म्हणाले. जिना उतरून ते गाडीत जाऊन बसले. पाच वाजायला अजून सव्वा तास होता. दुकानात जाऊन येण्याइतका वेळ होता, पण ते गेले नाहीत.